यूकेत मास्टर्सच्या पहिल्याच एसेला ५८ आलेत, घरी काय सांगू आणि पुढे काय करू?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर समजून घ्या. सप्टेंबरमध्ये इंग्लंडला आलो, उत्तरेकडच्या एका युनिव्हर्सिटीत डेव्हलपमेंट स्टडीजचं एक वर्षाचं एमएससी करतोय. परवा पहिल्या एसेचा रिझल्ट लागला, विषय मायक्रोफायनान्स (गरिबांना दिली जाणारी छोटी कर्जं), २,५०० शब्द, तीन आठवडे लायब्ररीत बसून लिहिला होता, बावीस रेफरन्स दिले होते आणि मार्क आलेत ५८. मी शाळेपासून कधी ८० च्या खाली आलेलो नाही. स्क्रीनवर आकडा बघितला तेव्हा आधी वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाचा रिझल्ट उघडला गेलाय.

फीडबॅकमध्ये लिहिलंय की वाचन चांगलं आहे पण लिखाण 'डिस्क्रिप्टिव्ह' आहे, 'क्रिटिकल' नाही. दुसऱ्या पानावर मार्जिनमध्ये तर नुसतं 'सो व्हॉट?' एवढंच. ते दोन शब्द फार लागले मला, कारण त्याच पानासाठी सगळ्यात जास्त वाचलं होतं.

दुसरं म्हणजे सेमिनार. आठवड्याला लेक्चर आणि सेमिनार धरून जेमतेम आठ तास होतात, बाकी सगळं आपलं आपण वाचायचं. सेमिनारला आम्ही बारा जण गोल बसतो आणि बाकीचे सगळे बोलतात, वाचून न आलेलेसुद्धा बोलतात हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय. मी वाचून जातो, नोट्स काढून जातो आणि तासभर गप्प बसून परत येतो. मनात वाक्य जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते.

माझी मावसबहीण अमेरिकेत बीएस करतेय, तिला ए, ए मायनस मिळतात, त्यामुळे घरी तुलना सुरू झालीच आहे. बाबांना अजून ५८ सांगितले नाहीयेत, कर्ज त्यांच्या नावावर आहे. आणि मी आठवड्याला १८-२० तास एका वेअरहाउसमध्ये कामही करतो.

तर विचारायचं असं की ५८ म्हणजे नक्की किती वाईट, डिस्टिंक्शन आता गेलंच का, आणि हे क्रिटिकल म्हणजे काय ते कुणी उदाहरण देऊन सांगेल का, कारण शेवटच्या परिच्छेदात मी मायक्रोफायनान्सच्या मर्यादा लिहिल्या होत्या, मला वाटलं तेच क्रिटिकल.

शाईचा_डाग

आधी जेवलास का ते सांग, मग बाकीचं. मी इथे पीएचडी करताना आणि त्यानंतर मिळून सहा वर्षं सेमिनार घेतलेत, एसे ढिगाने तपासलेत, पहिल्या टर्मला ५५ ते ६२ मध्ये अडकलेली चांगली चांगली पोरं बघितलीत. त्यामुळे जे सांगतेय ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतेय असं समज.

पहिलं म्हणजे तुझे ५८ आणि शाळेतले ५८ ही एकच पट्टी नाही. इथे मास्टर्सला ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. बॅचलर्सला ७० च्या वर फर्स्ट, ६० ते ६९ टू-वन, ५० ते ५९ टू-टू, ४० ते ४९ थर्ड. पट्टी कागदावर १०० पर्यंत आहे पण निबंधाच्या विषयांत आम्ही ७५ च्या वर फार क्वचित जातो, आणि ८० दिले तर त्याचं कारण सहकाऱ्यांना नीट समजावून सांगायची तयारी ठेवावी लागते. गणितात किंवा इंजिनिअरिंगमध्ये ९० दिसतात कारण तिथे उत्तर बरोबर आलं की आलं. तू मेरिटपासून दोन मार्क लांब आहेस, एवढाच त्या ५८ चा अर्थ. आणि बहुतेक ठिकाणी एसेवर नाव नसतं, स्टुडंट नंबर असतो, शिवाय काही पेपर दुसरा परीक्षक बघतो आणि वर दुसऱ्या युनिव्हर्सिटीचा एक्स्टर्नल परीक्षक असतो, म्हणजे कुणी तुला तोंड बघून कमी दिलेत हा विचार डोक्यातून काढून टाक.

डिस्टिंक्शनचा हिशोब करू. इंग्लंडमधलं मास्टर्स १८० क्रेडिट्सचं, त्यातले साधारण ६० डेझर्टेशनचे, म्हणजे शेवटच्या मोठ्या प्रबंधाचे. तुझं मॉड्यूल २० क्रेडिट्सचं असेल आणि सगळे मार्क या एका एसेवर असतील, तरी उरलेल्या १६० मध्ये सरासरी ७१.५ आली की एकूण ७० होतात. अवघड आहे, गेलेलं नाहीये. फक्त कोर्स हँडबुक उघडून नियम बघ, काही ठिकाणी डेझर्टेशनलाही ७० पाहिजेत अशी वेगळी अट असते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं टाइप करतेय. क्रिटिकल म्हणजे दोष काढणं नव्हे आणि शेवटी मर्यादांचा परिच्छेद चिकटवणं तर नाहीच नाही. तुझा एसे मी वाचलेला नाही पण मायक्रोफायनान्सवरचे इतके वाचलेत की दुसऱ्या पानावर काय असेल ते सांगू शकते. 'बांगलादेशात १९७६ मध्ये मुहम्मद युनूस यांनी प्रकल्प सुरू केला, १९८३ मध्ये ग्रामीण बँक झाली, २००६ मध्ये नोबेल मिळालं, परतफेडीचं प्रमाण फार चांगलं आहे.' असंच काहीसं ना? सगळं बरोबर आहे आणि त्यातलं एकही वाक्य तुझं नाहीये. आता हेच असं बघ: 'परतफेड चांगली होते म्हणून कर्ज उपयोगी पडलं असं धरलं जातं, पण परतफेड झाली एवढ्यावरून घरातलं उत्पन्न वाढलं हे सिद्ध होत नाही, कारण हप्ता दुसऱ्या कर्जातूनही फेडता येतो किंवा गटाच्या दबावाखाली पोटाला चिमटा काढूनही.' आणि मग पुरावा आण, २०१५ साली बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को अशा सहा देशांतले प्रयोग एकत्र मांडले गेले आणि निष्कर्ष निघाला की थोडाफार फायदा दिसतो पण आयुष्य पालटत नाही. इथे तू एक गृहीतक पकडलंस, ते का टिकत नाही ते दाखवलंस, पुरावा दिलास. परीक्षकाला 'सो व्हॉट' विचारायला जागाच उरत नाही. लागू देऊ नकोस रे ते दोन शब्द, 'ह्याच्या पुढे जा, तुला जमेल' हेच आम्ही घाईत असं लिहितो, आणि तसं लिहू नये हेही मला मान्य आहे.

एक काम कर, जुन्या एसेच्या प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरव. ती सगळी वाक्यं सन, नाव किंवा व्याख्येने सुरू होत असतील तर एसे वर्णनाचा आहे. त्या वाक्यांवरून तुझं म्हणणं कुणाला तरी फोनवर सांगता आलं पाहिजे.

सेमिनारचं सांगते. तास सुरू झाल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत एकदा तोंड उघडायचं, काहीही असो. घरून एकच प्रश्न लिहून न्यायचा, 'पान ४० वर लेखक असं म्हणतो पण आधीच्या आठवड्याच्या वाचनात उलटं होतं, हे दोन्ही कसं बसवायचं?' एवढा पुरतो. सुरुवातीला बोललं की घशातली गाठ सुटते, नंतर बोलायचं म्हटलं की तास संपेपर्यंत ती घट्ट होत जाते. आणि रीडिंग लिस्ट पूर्ण वाचू नकोस, 'एसेन्शियल' लिहिलेलं वाच, त्यातही आधी प्रस्तावना, मग निष्कर्ष, मग मधला युक्तिवाद शोधायचा.

मक्याचं_शेत

मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट म्हणून बीएसच्या मुलांचे पेपर तपासतो, म्हणून मावसबहिणीच्या ए मायनसबद्दल बोलतो. ती तुलना करू नको, घरच्यांनाही सांग करू नका.

इकडे बॅचलर्स चार वर्षांचं, साधारण १२० क्रेडिट्स. सुरुवातीला जनरल एज्युकेशन म्हणून सगळं थोडं थोडं घ्यावं लागतं, इंजिनिअर होणाऱ्यालाही इतिहास नाहीतर साहित्य, आणि मेजर, म्हणजे मुख्य विषय, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत ठरवला तरी चालतो. तुझ्याकडे इंग्लंडात पोरगं सतरा-अठराव्या वर्षी फॉर्म भरतानाच विषय ठरवून टाकतं आणि तीन वर्षं तोच. स्कॉटलंडमध्ये चार वर्षं आहेत, तिथे थोडी मोकळीक असते म्हणतात.

मार्कांचं म्हणशील तर माझ्या कोर्सला एका सेमिस्टरमध्ये दहा होमवर्क, चार क्विझ, दोन मिडटर्म, एक फायनल आणि १० टक्के पार्टिसिपेशन आहे. सगळं पहिल्या दिवशी सिलॅबसमध्ये लिहून देतात आणि मग दर आठवड्याला काही ना काही सबमिट करायचं असतं. एक मिडटर्म बुडली तरी बाकीचं सावरून घेतं. तिचा ए मायनस म्हणजे ४ पैकी ३.७, तो अशा सतरा-अठरा तुकड्यांतून जमलेला आहे, तुझे ५८ एका कागदावरचे आहेत. दोन्हीचा त्रास वेगळा, तिला सोळा आठवडे श्वास घ्यायला मिळत नाही आणि तुला आठ आठवडे कुणी विचारत नाही आणि मग एकदम निकाल. ग्रॅड स्कूलमध्ये तर आम्हाला साधारण बी म्हणजे ३.० च्या खाली सरासरी गेली की प्रोबेशनची चिठ्ठी येते, त्यामुळे इथे बी मायनस आला की पोरं रडतात, आणि आकड्यात तो ८० च्या आसपास असतो!

मी एक चूक केली ती तू करू नको. पहिल्या सेमिस्टरला एकदाही ऑफिस अवरला, म्हणजे प्रोफेसर विद्यार्थ्यांना भेटायला राखून ठेवतात त्या वेळेला, गेलो नाही, मला वाटायचं तिथे ढ मुलं जातात, आणि सरांचा वेळ कशाला खायचा. डिसेंबरमध्ये शेवटी गेलो तर प्रोफेसर एकटेच बसले होते, दार उघडं, समोर कॉफी, म्हणाले की गेल्या दोन महिन्यांत या वेळेला आलेला तू दुसरा. चाळीस मिनिटं बोलले माझ्याशी. आता मी स्वतः ऑफिस अवर घेतो, कुणी आलं की बरं वाटतं, आणि कोण येतं माहितीये का, ए वालेच येतात. आता माझाच एक विद्यार्थी मिडटर्मच्या आधी दर वेळी तीन प्रश्न लिहून आणतो, दोन सोडवलेले असतात, तिसऱ्यावर अडलेला असतो, असं आलं की मदत करणं फार सोपं जातं.

शाईचा_डाग

यात एक भर. यूकेत लेक्चररला बहुतेक वेळा पहिल्या नावानेच हाक मारतात, मेलमध्ये 'डिअर सर' लिहिलं तर कुणी रागवत नाही पण अंतर पडतं. अमेरिकेत मात्र ते स्वतः सांगेपर्यंत प्रोफेसर किंवा डॉक्टर आणि आडनाव, बरोबर ना?

मक्याचं_शेत

बरोबर. मी अजूनही माझ्या गाइडना नावाने हाक मारू शकत नाही, त्यांनी चारदा सांगितलंय.

दक्षिणवारा

सगळे मार्कांवर बोलताहेत, मी कामाच्या तासांवर बोलतो, कारण मला तिथेच धोका दिसतोय.

मी ऑस्ट्रेलियात शिकलो. आमच्याकडे वर्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरला संपतं, ८५ ला हाय डिस्टिंक्शन, ५० ला पास, आणि 'पीज गेट डिग्रीज', म्हणजे नुसतं पास झालं तरी डिग्री मिळते, हे वाक्य पहिल्याच आठवड्यात कानावर पडतं. मीही ते धरून बसलो. रात्रपाळी, सकाळी नऊचं लेक्चर, त्यात झोप. दुसऱ्या सेमिस्टरला एक विषय झेपत नाहीये हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलेलं होतं, पण सेन्सस डेट नावाची तारीख असते, तिच्या आत विषय सोडला तर त्याची फी लागत नाही, ती तारीख मी पाळीच्या गडबडीत विसरलो. चार दिवसांनी ऑफिसात गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी खूप शांतपणे कॅलेंडर वळवून माझ्यासमोर ठेवलं. विषयाची पूर्ण फी गेली आणि पुढे नापासही झालो. चार महिने जे कमावलं ते त्या एका विषयात गेलं.

आता तुझे नियम. ऑस्ट्रेलियात टर्म चालू असताना पंधरवड्याला ४८ तास चालतात, त्यामुळे एक आठवडा जास्त आणि एक कमी असं करता येतं. यूकेत तसं नाही. डिग्री कोर्सच्या स्टुडंट व्हिसावर आठवड्याला २० तास, आठवडा सोमवार ते रविवार, सरासरी काढत नाहीत. या आठवड्यात १८ आणि पुढच्यात २२ झाले तर ते चुकलंच, मॅनेजर कितीही गोड बोलला तरी. आणि एक वर्षाच्या मास्टर्सवाल्यांची फार मोठी चूक होते ती म्हणजे जून आला की त्यांना वाटतं सुट्टी लागली, आता फुल टाइम. बॅचलर्सच्या मुलांना सुट्टी असते, तुमचा उन्हाळा डेझर्टेशनचा असतो, तो टर्म टाइमच धरतात, २० ची मर्यादा तशीच राहते. डिलिव्हरीचं काम स्वतःचा धंदा म्हणून धरलं जातं, ते तर स्टुडंट व्हिसावर चालतच नाही. शंका असेल तर युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचार, रूममेटला विचारू नको.

माझं ऐकशील तर पुढच्या एसेच्या आधीचे तीन आठवडे १२ तासांवर ये. दोन मार्कांसाठी चांगलं वाक्य सुचावं लागतं आणि ते रात्री दोनला खोकी उचलून आल्यावर सुचत नाही.

मक्याचं_शेत

अमेरिकेतही कुणी वाचत असेल तर, एफ-१ या स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना २० तास आणि तेही कॅम्पसवरच. आणि जड जातंय म्हणून इंटरनॅशनल ऑफिसला न विचारता कोर्स ड्रॉप करू नका, बॅचलर्सला १२ क्रेडिट्सच्या खाली गेलात तर फुल टाइम राहत नाही, व्हिसाचं स्टेटस जातं. हे माझ्या शेजारच्या खोलीत घडलंय.

उंबरठा

मी विद्यार्थी नाही, आई आहे. माझा मुलगा अमेरिकेत कॉलेजला आहे, आता शेवटचं वर्ष. तुझी पोस्ट वाचली तेव्हापासून एका वाक्यावर अडलेय, 'बाबांना अजून सांगितले नाहीयेत'.

मुलगा दुसऱ्या वर्षाला असताना दोन महिने फोनवर नुसतं 'चांगलं चाललंय' म्हणायचा आणि आवाज वेगळाच. शेवटी मी त्याच्या कॉलेजच्या ऑफिसला फोन केला, म्हटलं फी आम्ही भरतो, त्याचे मार्क तेवढे सांगा. त्या मुलीने फार नम्रपणे सांगितलं की मॅडम, १९७४ चा फर्पा कायदा आहे, विद्यार्थी कॉलेजला आला की त्याच्या रेकॉर्डवर त्याचा हक्क, त्याने लेखी परवानगी दिल्याशिवाय मी तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. मला खूप राग आला होता. रात्रभर झोप नाही. मग दुसऱ्या दिवशी त्यालाच फोन केला आणि पहिल्यांदा मार्क विचारलेच नाहीत, विचारलं की जेवतोस का, झोपतोस का. तर तो रडायला लागला. दोन विषयांत सी होता आणि त्याला वाटत होतं आम्ही पैसे परत मागू. पैसे परत मागू! काय काय धरून बसतात मुलं मनात.

तुझ्या बाबांना ५८ नुसते सांगू नकोस, शाईचा डाग यांनी लिहिलंय ते सगळं वाचून दाखव, ५० ला पास आणि ६० ला मेरिट हे आधी सांग आणि मग आकडा सांग. आम्हाला तिकडची पट्टी माहीत नसते रे, आम्ही आमच्या पट्टीने मोजतो आणि घाबरतो.

आणि तिथे पर्सनल ट्यूटर का काय असतो म्हणे, त्याला भेटलास का?

शाईचा_डाग

उंबरठा ताई, फार बरं केलंत लिहिलंत ते. हो, पर्सनल ट्यूटर असतो, अडचणी सांगायला नेमून दिलेला शिक्षक, आणि त्याला भेट हे मीच सांगायला हवं होतं. आजारपण, घरचं काही, झोप उडालेली, असं काही असेल तर डेडलाइनच्या आधी सांगायचं, त्यासाठी 'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस'चा फॉर्म असतो, काही ठिकाणी 'एक्स्टेन्युएटिंग' म्हणतात, पुरावा जोडला की मुदत वाढते. न सांगता उशिरा दिलं तर बऱ्याच ठिकाणी दिवसाला पाच मार्क कापतात. मुलं निकाल लागल्यावर येऊन कारण सांगतात तेव्हा आमचे हात बांधलेले असतात, आणि ते ऐकताना खरंच वाईट वाटतं.

कोरी_पाटी

सगळ्यांना एकदमच उत्तर देतो. काकू, तुमची पोस्ट वाचून त्याच रात्री बाबांना फोन केला. तुम्ही सांगितलं तसंच, आधी पट्टी मग आकडा. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले, 'म्हणजे दोन मार्कच राहिलेत ना.' मग आईने फोन घेतला आणि स्वेटर घालतोस का विचारलं.

दक्षिणवारा दादा, मॅनेजरशी बोललो, पुढच्या आठवड्यापासून १२ तास. एका आठवड्यात २१ तास झाले असते, शिफ्ट आधीच लागलेली होती, ती काढून घेतली. तुम्ही लिहिलं नसतं तर मला वाटलं होतं पुढच्या आठवड्यात कमी केलं की झालं.

ताई, पहिल्या वाक्यांची यादी केली. अकरा परिच्छेद, त्यातली आठ वाक्यं सन किंवा नावाने सुरू होतात. दुसरं पान तर तुम्ही लिहिलंय जवळपास तसंच निघालं, १९७६ पासून नोबेलपर्यंत. ऑफिस अवरलाही गेलो, दोन प्रश्न लिहून नेले होते, दार उघडंच होतं. मॅडमनी तो 'सो व्हॉट' परत वाचला आणि म्हणाल्या की हा परिच्छेद मला आवडला होता, तू मधेच का थांबलास तेच मी विचारत होते. सेमिनारला काल एकदा बोललो, आवाज कापत होता, पण त्यावर दोघांनी पुढे मुद्दे मांडले.

पुढचा एसे कॅश ट्रान्सफरवर, म्हणजे गरीब घरांना थेट पैसे देणाऱ्या योजनांवर आहे. पहिल्या ड्राफ्टची सुरुवात होती 'मेक्सिकोमध्ये १९९७ साली प्रोग्रेसा कार्यक्रम सुरू झाला'. ती खोडली. आता असं लिहिलंय, बघाल का जरा: 'प्रोग्रेसामध्ये पैसे आईच्या हातात दिले जात म्हणून त्याला स्त्रियांचं सक्षमीकरण म्हणतात, पण मुलांना शाळेत पाठवण्याच्या आणि दवाखान्यात नेण्याच्या अटी पाळायचं कामही तिच्याच अंगावर पडलं, त्यामुळे तिच्या हातातला पैसा वाढला तसा तिच्या वेळेवरचा भारही वाढला, आणि कार्यक्रमाच्या यशाबद्दल बोलताना तो वेळ सहज मागे पडतो.'

शाईचा_डाग

हे ठेव, अजिबात हलवू नकोस. फक्त 'सक्षमीकरण म्हणतात' लिहिलंयस तिथे असं कोण म्हणतं ते नाव आणि वर्षासकट घाल, आणि शेवटचा तुकडा, वेळ मागे पडतो हा, त्याला पुढचा अख्खा परिच्छेद दे, तुझा एसे तिथेच आहे. डेडलाइन कधी आहे?

कोरी_पाटी

१२ तारखेला, दुपारी बारा. मी ११ च्या संध्याकाळीच सबमिट करणार आहे.